‘थ्यूज’ला ‘थ्यूज’च राहू द्या

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी इंग्रजी कविता शिकवते. मागच्या पावसाळ्यात एम.ए.च्या वर्गात सोळाव्या शतकातल्या स्पेन्सरची ‘फेअरी क्वीन’ ही दीर्घ कविता चालू होती. पहिल्या खंडाच्या नवव्या सर्गात राजपुत्र आर्थर आपली हकिगत सांगतो. आपलं कूळ कोणतं, बाप कोण, ते त्याला ठाऊक नाही. अंगावरचं दूध तुटायच्या आतच त्याला आईपासून उचललं आणि परीलोकातल्या एका सरदाराच्या स्वाधीन केलं. कशासाठी, तर ‘जेंटल थ्यूज’ आणि ‘मार्शल माइट’ या दोन्हींत त्याची वाढ व्हावी म्हणून.

‘मार्शल माइट’ म्हणजे लढण्याचं बळ, हे सगळ्यांना कळलं. ‘थ्यूज’पाशी वर्ग अडला. एका मुलाने मोबाइलवर शब्द शोधला आणि मोठ्याने वाचून दाखवलं: स्नायू, अंगातली ताकद. मग त्याने प्रामाणिकपणे ओळ लावली, “मऊ स्नायू आणि लढाईचं बळ.” कुणी हसलं नाही, कारण दुसरा अर्थ कुणाकडेच नव्हता. पुढच्या बाकावरच्या मुलीकडे बाजारात मिळणारी एक सोपी आवृत्ती होती. तिच्यात अडचणच नव्हती, कारण ‘थ्यूज’ काढून तिथे सरळ ‘मॅनर्स’ छापलं होतं. मुलीला ओळ लगेच समजली, आणि समजली ती अशी: राजपुत्राला परक्या घरी नेऊन काट्याचमच्याने जेवायला शिकवलं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या कवितेतला मेलेला शब्द काढून त्या जागी चालू शब्द बसवावा की नाही? अलीकडे अभ्यासमंडळांच्या बैठकांत, गाइडांत आणि मोबाइलवरच्या ‘आजच्या इंग्रजीत’ या सोयीत या प्रश्नाचं उत्तर गृहीतच धरलेलं असतं: बसवावा, मुलांचं भलं होतं. मला हे उत्तर चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे याच एका शब्दावर दाखवता येतं.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘थेआव’ असा होता. अर्थ साधा: रीत, प्रथा, सवय. ‘बेओवुल्फ’ या काव्याची आपल्याला मिळालेली एकुलती एक हस्तलिखित प्रत इसवी सन 1000च्या आसपासची आहे. त्यात हा शब्द दोन जागी पाहण्यासारखा आहे. ग्रेंडेल नावाचा राक्षस डेन लोकांचा राजवाडा उजाड करतो, तेव्हा घाबरलेले लोक आपल्या जुन्या देवस्थानांत नवस बोलतात, आणि ख्रिस्ती कवी खेदाने म्हणतो, अशी त्यांची ‘थेआव’ होती. इथे शब्दात कौतुक नाही. पुढे काव्याचा नायक बेओवुल्फ त्या राक्षसाला मारून मायदेशी परततो आणि आपल्या राजाला सांगतो, डेन लोकांचा तो राजा ‘थेआव’ धरून जगला, कबूल केलेल्या बक्षिसांत त्याने काही हातचं राखलं नाही. इथे तोच शब्द प्रशंसेचा झाला. रीत धरून जगणं आणि चांगलं जगणं यांत त्या बोलीने फारसं अंतर ठेवलं नव्हतं.

पुढच्या तीनचारशे वर्षांत या शब्दाचं अनेकवचन, ‘थ्यूज’, सद्गुण या अर्थाने कवितेत रुळलं. आता ‘व्हर्च्यू’ हा शब्द फ्रेंचांबरोबर इंग्रजीत आलेलाच होता, मग या देशी शब्दाची गरज काय? चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या ‘क्लार्क्स टेल’मध्ये याचं उत्तर सापडतं. ग्रिसेल्डा ही गरीब शेतकऱ्याची पोर सरदाराची बायको होते. कवी म्हणतो की ती पहिल्यापासून ‘व्हर्च्युअस’ होतीच, पण लग्नानंतर ‘थ्यूज गुड’ यांत ती वाढत वाढत गेली. दोन शब्द एकाच वाक्यात, तीन ओळींच्या आत आहेत आणि चॉसरने त्यांना वेगवेगळी कामं दिली आहेत. पहिला मूळचा चांगुलपणा सांगतो. दुसरा जे रोजच्या वागण्यातून अंगी येतं, चढत जातं, चारचौघांना दिसतं, ते सांगतो. इथे दोन्ही जागी ‘व्हर्च्यू’ छापलं तर चॉसर एकच गोष्ट दोनदा बोलला असं होईल.

याहून नाजूक जागा ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’मध्ये आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काव्य. कवीचं नाव कुणाला माहीत नाही. एकच हस्तलिखित उरलं, ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि ते पहिल्यांदा छापलं गेलं 1839मध्ये. थंडीत गारठलेला गवेन नाताळच्या आदल्या दिवशी एका अनोळखी किल्ल्यावर पोचतो. उपासाचा दिवस म्हणून त्याला मांस वाढत नाहीत, पण मासे मात्र भाजलेले, उकडलेले, मसाला घातलेले असे तऱ्हेतऱ्हेचे. जेवताना कळतं की पाहुणा म्हणजे आर्थरच्या दरबारातला प्रसिद्ध गवेन. मग मंडळी एकमेकांच्या कानाला लागतात: आता आपल्याला ‘थ्यूज’मधले बारकावे बघायला मिळणार, निर्दोष बोलणं कसं असतं ते ऐकायला मिळणार.

त्या मंडळींना अपेक्षा आहे ती दरबारी रीतीची, गोड बोलण्याची. पण पुढे तीन सकाळी घरधनीण गवेनच्या बिछान्याशी येऊन बसते तेव्हा परीक्षा होते ती याच रीतीची. बाईचा अपमान होऊ द्यायचा नाही आणि यजमानाचा विश्वासघातही करायचा नाही. त्याचं सौजन्य आणि त्याची सचोटी एकमेकांशी बांधलेली आहेत, एकाला धक्का लागला की दुसरं हलतं. काव्याचा सगळा ताण इथे आहे. शेवटी तो चुकतो तेही जीव वाचवणाऱ्या एका हिरव्या पट्ट्याच्या मोहाने. तो पट्टा तो यजमानापासून लपवतो. जेवणाच्या टेबलावर कुजबुजलेल्या त्या एका शब्दात शिष्टाचार आणि शील दोन्ही होते, म्हणून कवीला पुढचं सगळं आधीच पेरता आलं. तिथे ‘मॅनर्स’ घाला, पुढची परीक्षा उपटसुंभ वाटेल. ‘व्हर्च्यू’ घाला, जेवणाचं टेबल नाहीसं होईल. आजच्या इंग्रजीत दोन्ही बाजू धरणारा शब्द उरलेला नाही, म्हणून अनुवादकाला एक बाजू सोडावीच लागते. त्याचा इलाज नाही, हे मला मान्य आहे. पण मूळ ओळ विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायची आणि तिच्यातला शब्द मात्र बदलायचा, याला ती सबब लागू होत नाही.

आता स्पेन्सरच्या ओळीकडे पुन्हा पाहा. ‘फेअरी क्वीन’चे पहिले तीन खंड 1590चे. तिथे ‘थ्यूज’ आणि ‘माइट’ समोरासमोर आहेत: एका बाजूला वागणं, दुसऱ्या बाजूला बळ. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी ‘हॅम्लेट’ येतं. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात लेअर्टीझ फ्रान्सला निघता निघता बहिणीला, ऑफिलियाला, उपदेश करतो. माणूस वाढतो तेव्हा तो फक्त ‘थ्यूज’ आणि आकाराने वाढत नाही, तर देहाचं हे देऊळ मोठं होतं तशी आतली मनाची आणि आत्म्याची पूजाही वाढते, असं तो म्हणतो. म्हणजे दहा वर्षांत शब्द कुंपणाच्या पलीकडे गेला! स्पेन्सरकडे जो बळाच्या समोर उभा होता, तो शेक्सपिअरकडे स्वतःच बळ झाला आणि आत्म्याच्या समोर जाऊन उभा राहिला. शेक्सपिअरने हा शब्द आपल्या नाटकांत तीनदा वापरला आणि तिन्ही वेळा शरीरासाठी. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये कॅशियस म्हणतो की आजच्या रोमनांचे ‘थ्यूज’ आणि हातपाय पूर्वजांसारखे आहेत, मन तेवढं मेलं आहे. ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ सैन्यात भरती करताना विचारतो की मला माणसाच्या ‘थ्यूज’शी काय करायचं आहे, मला हिंमत द्या. पुढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी ‘थ्यूज अँड सिन्यूज’ ही जोडी घरोघर पोचवली, आणि विसाव्या शतकात तलवारबहाद्दर नायकांच्या कथांनी त्या पिळदार दंडांवर शिक्का मारला. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलने दिलेला अर्थ हाच. तो खोटा नाही, फक्त दुसऱ्या काळातला आहे.

लेअर्टीझच्या त्या भाषणात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अस्वस्थ करते. त्याच दमात तो बहिणीला बजावतो की ‘व्हर्च्यू’सुद्धा लोकांच्या जिभेतून सुटत नाही, तेव्हा राजपुत्रापासून चार हात लांब राहा. तिथे ‘व्हर्च्यू’चा अर्थ एकच आहे, कुमारिकेची अब्रू. हा शब्द मूळचा लॅटिन ‘विर’वरून, म्हणजे पुरुष यावरून आलेला. ‘विर्तूस’ म्हणजे मर्दपणा, रणांगणातली छाती. चॉसर ‘कँटरबरी टेल्स’च्या सुरुवातीलाच एप्रिलच्या पावसाबद्दल बोलताना तो शब्द ‘शक्ती’ म्हणून वापरतो: त्या पावसाच्या ‘व्हर्च्यू’ने फूल जन्मतं. बळ सांगणारा शब्द वर चढत सद्गुण झाला, आणि मग स्त्रीच्या बाबतीत पुन्हा देहावर येऊन बसला. 1740मध्ये रिचर्डसनने एका मोलकरणीची कादंबरी लिहिली आणि तिच्या नावाखाली ‘सद्गुणाचं बक्षीस’ असं उपशीर्षक दिलं, तेव्हा तो कोणता सद्गुण हे कुठल्याही वाचकाला विचारावं लागलं नाही. पुरुषाचे ‘थ्यूज’ दंडात गेले, बाईची ‘व्हर्च्यू’ शरीरात. लेअर्टीझच्या एकाच भाषणात हे दोन्ही शब्द आपापल्या नव्या घरी पोचलेले दिसतात.

आपल्याकडे ‘शील’ या शब्दाचंही असंच झालं. मूळ अर्थ स्वभाव, वागण्याची घडण. पंचशील घेताना आजही स्त्रीपुरुष एकाच वाक्यांत हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याचा निश्चय करतात. पण वर्तमानपत्रात ‘शील’ शब्द आला की बातमी कुणाबद्दल आहे हे वाचण्याआधीच कळतं. म्हणून मला असं ठाम वाटतं की जुन्या कवितेतले जुने शब्द जागेवर असले पाहिजेत. शब्दाचा अर्थ कुठून कुठे गेला आणि कुणाच्या सोयीने गेला, हे फक्त तिथेच पाहता येतं. आपण शब्द बदलून टाकतो तेव्हा तो पुरावाच पुसला जातो, आणि मुलांना वाटतं की सद्गुण म्हणजे काय हे जगात पहिल्यापासून ठरलेलंच होतं.

यावर पहिला आक्षेप माझ्याच वर्गातून येतो आणि तो मी हलक्याने घेत नाही. “मॅडम, आम्हाला साधं इंग्रजी जड जातं, त्यात हे मेलेले शब्द कशाला?” मराठी माध्यमातून आलेला, शेतावर काम करून दोन एसट्या बदलून येणारा मुलगा हे विचारतो, तेव्हा त्याच्यापुढे परंपरेचा अभिमान मिरवणं मला जमत नाही. अवघड शब्द हे अनेकदा दाराबाहेर ठेवण्याचं साधन म्हणून वापरले गेले आहेत. हेही खरं की आज कुणी नवी कविता लिहिताना उगाच जुने शब्द पेरले तर मी नाक मुरडते. त्या बाबतीत मी वर्ड्सवर्थच्या बाजूची आहे. ‘लिरिकल बॅलड्स’च्या 1800च्या प्रस्तावनेत त्याने माणसं खरोखर बोलतात ती भाषा कवितेत आणायची मागणी केली, आणि ती योग्यच होती.

पण त्याच वर्ड्सवर्थचं 1802चं सुनीत घ्या. तो दिवंगत कवी मिल्टनला हाक मारतो, इंग्लंडला तुझी गरज आहे, परत ये आणि आम्हाला ‘मॅनर्स, व्हर्च्यू, फ्रीडम, पॉवर’ दे. यातल्या पहिल्या दोन शब्दांपाशी मी दरवेळी थबकते. चॉसरच्या काळात या दोघांचं मिळून एक नाव होतं.

मुळात हा वाद नवा नाही आणि त्यावरचा उपायही नवा नाही. स्पेन्सरचं ‘शेपर्ड्स कॅलेंडर’ 1579मध्ये निघालं तेव्हाच त्यातले कितीतरी शब्द वाचकांना अनोळखी होते. ते पुस्तक ज्या कवी फिलिप सिडनीला अर्पण केलं, त्यानेच पुढे आपल्या काव्यविषयक निबंधात म्हटलं की ही जुनी गावंढळ भाषा मला मान्य नाही. नाटककार बेन जॉन्सन तर म्हणाला की जुन्यांचं अनुकरण करण्याच्या नादात स्पेन्सरने कुठलीच भाषा लिहिली नाही. पण त्या पुस्तकात बारा महिन्यांची बारा काव्यं होती आणि प्रत्येक काव्याखाली टिपा होत्या. त्या लिहिणाऱ्याने ‘ई. के.’ एवढीच आद्याक्षरं लावली. प्रस्तावनेत त्याने म्हटलं की दीर्घकाळ वापराबाहेर गेलेले, जवळजवळ वारसाहक्कच गमावलेले चांगले देशी शब्द या कवीने पुन्हा त्यांच्या हक्कावर बसवले. फेब्रुवारीच्या काव्यात कडी नावाचा तरुण मेंढपाळ एका म्हाताऱ्या कवीच्या गोष्टींबद्दल म्हणतो की त्या ‘वेल थ्यूड’ आणि शहाण्या आहेत. तो म्हातारा कवी म्हणजे चॉसर असावा, हेही टीपकारानेच सांगितलं आहे. ‘वेल थ्यूड’वर त्याची टीप आहे: नैतिक शहाणपणाने भरलेल्या. म्हणजे 1579च्या लंडनमधल्या शिकलेल्या वाचकालाही हा शब्द समजावून द्यावा लागत होता. ई. के.ने शब्द काढला नाही, खाली अर्थ लिहिला.

यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, 1584मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर ज्ञानेश्वरी जवळजवळ तीनशे वर्षांची झाली होती, तिची भाषा लोकांना जड जात होती, आणि नकलून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले होते. नाथ स्वतः सोप्या मराठीचे केवढे मोठे कैवारी! भारुडं लिहिणारा हा माणूस. पण ज्ञानेश्वरीपुढे त्यांनी स्वच्छ सांगितलं: ‘ज्ञानेश्वरी पाठी । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ म्हणजे ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणं हे अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं. सोपं करायचं ते आपल्या शब्दांत, आपल्या नावाने, वेगळं करावं. मूळ ताटात हात घालू नये. आजही आपण ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ वाचतो ती अशीच, वर ओवी आणि खाली अर्थ. पारायणाला बसणाऱ्या, फारसं न शिकलेल्या बायाबापड्यांना ती पद्धत पिढ्यानपिढ्या झेपली. एम.ए.च्या विद्यार्थ्याला झेपणार नाही हे मी कसं मान्य करू?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकात ‘थ्यूज’च छापा आणि समासात अर्थ द्या. सगळा प्रश्न मग उरतो तो अर्थ काय द्यायचा एवढाच, आणि तिथे आपण इंग्रजी शिकवणारे आळस करतो. आपण कोशातलं ‘सद्गुण’ उचलतो. ‘सद्गुण’ हा शब्द परिपाठाच्या फळ्यावर सुविचारासारखा लिहिलेला असतो, घरात कुणी तो बोलत नाही. तो थ्यूजचा अर्थ नाही.

त्या दिवशी वर्गात मी ई. के.ची टीप सांगितली, बेओवुल्फमधल्या दोन जागा सांगितल्या. रीत, सवय, चांगली सवय, अंगी मुरलेला चांगुलपणा, असे शब्द फळ्यावर लिहीत गेले आणि म्हटलं की या सगळ्यांना मिळून मराठीत काय म्हणाल? सोपी आवृत्ती घेऊन बसलेली मुलगी म्हणाली, “मॅडम, वळण. माझी आजी म्हणते ना, पोरीच्या हाताला वळण आहे.”

मी वीस वर्षं हा शब्द शिकवत होते आणि मला हे सुचलं नव्हतं. वळण चांगलं असतं तसं वाईटही लागतं, जुन्या ‘थेआव’सारखंच. वळण घराचं असतं, अक्षराचं असतं, स्वयंपाकाला सरावलेल्या हाताचं असतं. ते कुणी जन्मताना घेऊन येत नाही, लावावं लागतं, आणि एकदा लागलं की वळणाचं पाणी वळणावर जातं. आर्थरच्या गोष्टीत पुढे हेच आहे. त्याला टायमन नावाच्या म्हाताऱ्या, अनुभवी योद्ध्याकडे ठेवतात, आणि मर्लिन हा जादूगार वरचेवर येऊन पाहून जातो, कारण पोराची शिस्त घडवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. वळण लावणं चाललं आहे ते हेच.

जॉर्ज हर्बर्टची ‘व्हर्च्यू’ ही कविता मी पुढच्या तासाला मुद्दाम घेतली. 1633मध्ये छापलेली चार कडव्यांची लहानशी कविता. दिवस मरतो, गुलाब मरतो, वसंत मरतो, आणि शेवटी कवी म्हणतो की फक्त सद्गुणी आत्मा वाळवून मुरवलेल्या लाकडासारखा कधी दबत नाही. मुलांपैकी दोघांच्या घरी सुतारकाम आहे. ओल्या लाकडाचा दरवाजा केला तर पहिल्याच पावसाळ्यात तो वाकडा होऊन चौकटीत अडकतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. लाकूड किती उन्हाळे पडून राहिलं पाहिजे यावर त्यांचं थोडं भांडणही झालं. हर्बर्टने कवितेच्या नावात ‘व्हर्च्यू’ लिहिलं, पण ते लाकूड त्याच्या हाताशी आलं ते जुन्या ‘थ्यूज’च्या बाजूने, हे तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

परवा त्या मुलीच्या पुस्तकावर नजर गेली. छापलेल्या ‘मॅनर्स’वर तिने पेन्सिलीने एक रेघ मारून वर ‘थ्यूज’ लिहिलं आहे, आणि शेजारी समासात, बारीक अक्षरात, ‘वळण’.